बारीक माणसाची साखर

बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांत वार्षिक आरोग्य तपासणी झाली की एक चित्र हमखास दिसतं. तिशीतला, अंगाने शिडशिडीत मुलगा हातातल्या अहवालाकडे बघत राहतो. उपाशीपोटीची साखर ११०, एचबीएवनसी ६, आणि शेरा एकाच शब्दाचा: प्रीडायबेटिस. फोनवर पुण्याहून किंवा बेळगावहून आई म्हणते, "अरे, तू एवढा बारीक, तुला कसली साखर?" शेजारचा सहकारी म्हणतो, "बाहेरचं खाणं बंद कर." बोलण्यात माया असते, पण हा आजार खादाड आणि आळशी माणसाला होतो हे मनोमन धरलेलं असतं. आज मला या धरून चालण्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्याने होणारं नुकसान मला साखरेपेक्षा कमी वाटत नाही.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. त्याचा निरोप मिळताच स्नायू साखर आत घेतात आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडणं आवरतं. यकृतात आणि स्नायूंच्या पेशींत चरबी साचू लागली की हा निरोप धड पोचत नाही. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन तयार करतं आणि त्या जादा कष्टावर साखर कित्येक वर्षं ठीक दिसत राहते. हा इन्सुलिन रेझिस्टन्स. साखरेचा आकडा हलतो तो स्वादुपिंड थकायला लागल्यावर. त्याआधी खूण दाखवतात ती पोटाचा घेर आणि ट्रायग्लिसराइड्स. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. वजनकाटा यातलं काहीच सांगत नाही.

वजनकाटा हे का सांगत नाही, याचं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी होती, स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. शेतात राबणाऱ्या, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या त्या आया. त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणींच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी होतं. पुढे असंही दिसलं, की गरोदरपणात ज्यांचं ब१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त होता.

सहा वर्षांच्या त्या मुलाने कुठला आळस केला होता?

हा प्रश्न मी त्या मुलापुरताच ठेवत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला लावलं आणि भात, साखर, तेलातुपाचं माप सांभाळायला मदत केली, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही साधारण तेवढाच फायदा झाला. चालणं आणि ताट बदलणं गोळीच्या बरोबरीला उतरलं, ही मोठी बातमी आहे आणि ती सगळीकडे आवर्जून सांगितली जाते. पण त्याच तक्त्यातला दुसरा आकडा कुणी मोठ्याने वाचत नाही. चालणाऱ्या, ताट सांभाळणाऱ्या शंभरातल्या एकोणचाळीस जणांना तरीही मधुमेह झाला. त्यांना आपण काय म्हणतो? 'पथ्य नीट पाळलं नसेल.' मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. प्रयत्नांनी धोका कमी होतो, म्हणून ते करायचे. ज्याला यश आलं नाही त्याची चारित्र्यपरीक्षा घेण्याचा हक्क त्यातून आपल्याला मिळत नाही. दोष लागला की माणूस तपासणीच टाळतो, अहवाल बायकोपासून लपवतो, आणि उपाय करायची वर्षं हातची जातात.

उपाय तर आवाक्यातले आहेत. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनचा निरोप क्षीण असतानाही साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतरची शतपावली खरोखर गुणाची आहे, आणि बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम आपल्यासारख्या मुळातच स्नायू कमी असलेल्यांना अधिकच गरजेचा. ताटाचं म्हणाल तर बेंगळुरूतच उत्तम धडा आहे. इथल्या केळीच्या पानावर सुरुवातीलाच कोसंबरी वाढतात: भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरं, लिंबू. भाजी आणि डाळ आधी, भात नंतर आणि बेताचा, एवढ्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, म्हणजे इथला मुद्दे, हाही कुळथाच्या किंवा पालेभाजीच्या सारूबरोबर खायची रीत आहे. नाचणीचं गोड माल्ट पिऊन तोच गुण येईल असं समजू नये. दर्शिनीत उभ्याने खाल्लेली इडली, वर खाराबात-केसरीबात आणि साखरेची कॉफी, असा नाश्ता रोजचा झाला तर पुरेशी डाळ पोटात जायची कधी? साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र ताट डॉक्टरांना विचारूनच बदलावं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.

पण 'चाला' हा सल्ला आपण कुणाला, कुठे देतो, हेही पाहायला हवं. लालबागेत किंवा कब्बन पार्कात पहाटे चालणारे भाग्यवान आहेत. मारतहळ्ळीच्या रस्त्यावर फूटपाथ मध्येच संपतो, उरलेल्या जागेत स्कूटर उभ्या असतात. पीण्या औद्योगिक वसाहतीतली कपडे शिवणारी बाई दिवसभर मशीनसमोर बसून असते आणि तिचा डबा बहुतेक भाताचा असतो, कारण पोट भरायला तोच परवडतो. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्या मुलांची झोप तर कधीचीच मोडली आहे. १९९९ मध्ये शिकागोत अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद स्पष्टपणे घटली. जी कंपनी रात्री अकराला बैठक ठेवते आणि वर पावलं मोजायची स्पर्धा भरवते, ती आपली जबाबदारी कर्मचाऱ्याच्या मनगटावर बांधते आहे. बैठकीची वेळ बदलणं, कँटीनमध्ये उसळ ठेवणं, फूटपाथ मोकळा करणं हे उपचारच आहेत. ते करण्याची सत्ता ज्यांच्याकडे आहे, त्यांना आपण कधी पथ्य विचारत नाही.

घरात आपलीही सत्ता असते. 'माझी शपथ, अजून एक पोळी' हा आपला आग्रह प्रेमाचा आहे, पण 'नको' म्हणणाऱ्याचं पहिल्यांदाच ऐकण्यातही प्रेम असतं. वयात आलेल्या मुलीच्या मानेवर मखमलीसारखा काळेपणा दिसला की आई तो मळ समजून घासते, आणि मुलगी चारचौघांत मान झाकू लागते. तो मळ नसतो; पुष्कळदा ती इन्सुलिन रेझिस्टन्सची खूण असते, आणि पाळी अनियमित असेल तर दोन्हींचं मूळ एक असू शकतं. तिला साबणाची नाही, डॉक्टरांची गरज आहे. आणि अजूनही कित्येक घरांत शेवटी जेवणारी बाईच असते. तिच्या वाट्याला उरलेला भात येतो आणि डाळीचं पाणी. पुण्याजवळच्या त्या अभ्यासात ज्या आया दूध, पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा खात, त्यांची बाळं वजनाने भरलेली निघाली होती. म्हणजे तिच्या ताटात काय पडतं, याचा हिशेब पुढच्या पिढीच्या स्नायूंत लागतो.

याज्ञिक यांच्या गटाने त्याच गावांत पुढचं पाऊल टाकलं. त्या आयांची मुलं-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काही गटांना ब१२ द्यायला सुरुवात केली, लग्न आणि गरोदरपण यांच्या कितीतरी आधी, म्हणजे पुढे जन्मणारी बाळं मुळातच वेगळ्या पायावर उभी राहतील का हे पाहता यावं. ब१२ दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. शुद्ध शाकाहारी घरात ते कमी असण्याची शक्यता मोठी. त्याची तपासणी बेंगळुरूतल्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. सोळा वर्षांच्या मुलीची ती करून घ्यायला तिचं लग्न ठरायची वाट पाहावी लागत नाही.