शांतता आणि शांती

‘शांतता’ आणि ‘शांती’ हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात; तरी आवाज बंद होणे म्हणजे शांतता आणि कलहाचे मूळ निवणे म्हणजे शांती असा भेद केला, तर संघर्ष मिटला असे नेमके केव्हा म्हणावे, हा नीतिविचारातील जुना प्रश्न पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्यात स्पष्ट होतो. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, नीला-मुळा संगमाजवळील टाटांच्या धरणाविरुद्ध तेथे सत्याग्रह सुरू झाला; सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील या लढ्यात मावळातील स्त्रियाही उतरल्या होत्या. तो 1924 मध्ये ओसरला, धरण उभे राहिले, गावे पाण्याखाली गेली आणि खोरे शांत झाले. परंतु ज्यांची शेते बुडाली त्यांची संमती या शांततेत कोठेच नसल्याने तिला शांती म्हणता येत नाही.

स्त्रीवादी शांतिविचाराचा, म्हणजे युद्ध थांबवण्याबरोबरच घरातील, जातीतील व राज्यसत्तेतील अन्यायाचाही हिशेब मागणाऱ्या विचाराचा, आधार याच भेदात आहे. त्याची घडण समजण्यासाठी मुळशीतील जात्याकडे पाहावे. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरत, एकीने ओवी उचलली की दुसरी तिला जोड देई, आणि मध्येच कोणीतरी मूठभर धान्य वैरत असे. हेमा रायरकर व गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रभरच्या अशा 1,00,000 हून अधिक ओव्या जमल्या. त्यांत सीतेचा वनवास पुन:पुन्हा येतो आणि गाणारी बाई टाकलेल्या सीतेशी स्वतःचे दुःख जोडते. तक्रार दडपून मिळालेली शांतता या ओव्यांना मान्य नाही.

ओव्या गाणाऱ्या या स्त्रियांना एका सीमेचाही अनुभव असतो: लग्नानंतर मुलीने घर सोडायचे या रीतीमुळे माहेर आणि सासर यांमधली सीमा बहुतेक प्रत्येक स्त्रीने ओलांडलेली असते, आणि दोन्ही घरांचे सुखदुःख तिच्या ठायी एकत्र नांदते. ही सीमा तिने स्वेच्छेने ओलांडलेली नसते, म्हणून या अनुभवाचा गौरव करताना त्यातील सक्ती झाकणे अन्यायाचे होईल. तरीही ‘पलीकडचा’ हा शब्द तिच्यासाठी कधीच पूर्णपणे परका राहत नाही, हे ज्ञान मोलाचे आहे. संतांनी पंढरीला माहेर म्हटले तेव्हा त्यांनी याच अनुभवाला परमार्थाचे रूप दिले.

राष्ट्रांच्या सीमेवर या ज्ञानाचे काय होते, हे नागपूरच्या कन्या निर्मला देशपांडे यांच्या कार्यात दिसते. विनोबांच्या भूदान चळवळीत हजारो किलोमीटर चाललेल्या या गांधीवादी कार्यकर्तीने, कारगिलचे युद्ध ताजे असताना, मार्च 2000 मध्ये भारतीय स्त्रियांची बस दिल्लीहून लाहोरला नेली. पुढे तेथील मानवाधिकार कार्यकर्त्या अस्मा जहांगीर यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानी स्त्रिया भारतात आल्या. भेटीला परतभेट हा मराठी घरातील रिवाजच येथे दोन देशांमध्ये पाळला गेला. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1325 क्रमांकाचा ठराव करून शांतिप्रक्रियेत स्त्रियांच्या सहभागाची गरज मान्य केली. पण ठराव सरकारांना बांधतो, तर परतभेट माणसांना बांधते, आणि दुसरे बंधन अधिक टिकाऊ वाटते, कारण त्यात समोरच्या घरात शिरून तेथील दुःख ऐकावे लागते.

तेवढे पुरेसे आहे काय, ही शंका मात्र रास्त आहे. जात्यावरची सखी बहुधा आपल्याच जातीची, आपल्याच आळीची असे. दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या याच संकलनात सवर्ण स्त्रियांच्या ओव्यांशेजारी आल्या, पण गावात त्यांची दळायची जाती शेजारीशेजारी नव्हती. दोन देशांतील स्त्रिया एका बसमध्ये बसू शकल्या तरी एकाच गावातल्या दोघींना एका खुंट्याला हात लावता आला नाही, हा प्रश्न शांतिविचाराने सीमेइतकाच गंभीर मानला पाहिजे.