आपले लेकरू आणि परक्याचे लेकरू

सेवा हाच परमार्थ, असे आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येतो. तोवर काही अडत नाही. अडते ते उंबऱ्यावर. सेवेला निघालेल्या बाईच्या मागे घर असते, पोरेबाळे असतात, चुलीवर काही तरी चढवलेले असते. तिने लोकांच्या दुखण्याखुपण्याला धावून जावे हे सगळ्यांनाच गोड वाटते. पण त्या दुखण्याची झळ तिच्या घरात आली तर? आणि त्याहून अवघड म्हणजे, तिने आपल्याच लेकराला हाक मारून त्या आगीत बोलावले तर? असा अधिकार आईला आहे काय?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. पुण्यात १८९७ साली हे घडले आहे, आणि ती आई म्हणजे सावित्रीबाई फुले.

त्यांनी १८४८ साली जोतीरावांबरोबर मुलींची शाळा चालविली, ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकातल्या पोरासही ठाऊक आहे. तिकडे आज जात नाही. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू शुश्रूषेची आहे. तिची आठवण आपण कमी काढतो. फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वाकडे पाऊल पडलेली, किंवा खरे सांगायचे तर कोणी तरी फसविलेली, विधवा बाई तेथे गुपचूप येऊन बाळंत होई. अशा बाईचे बाळंतपण करणे म्हणजे नुसते गरम पाणी आणि शेक-शेगडी नव्हे. जिच्या माहेरची, सासरची, दोन्ही दारे लागलेली आहेत तिच्या उशाशी रात्र काढणे आहे. सन १८८४ पर्यंत अशा पस्तीस बाया तेथे येऊन गेल्या, असे जोतीरावांनी लिहून ठेविले आहे. त्यांतलीच एक काशीबाई. तिचा मुलगा या दांपत्याने १८७४ साली आपला म्हणून वाढविला. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि लष्करी नोकरीत गेला.

१८९० साली जोतीराव गेले. दत्तक मुलाने टिटवे धरावे की भाऊबंदांनी, यावर वाद उठला, तेव्हा या माउलीने स्वतः टिटवे हाती घेतले आणि प्रेतयात्रेपुढे चालली. त्या काळी बाईमाणसाने असे करणे म्हणजे काय, ते वाचकांनीच ओळखावे. घराचे कर्तेपण तिने असे उघड्यावर, चार लोकांदेखत उचलले.

मग प्लेग आला. १८९६ साली तो मुंबईत उतरला आणि थोड्याच दिवसांत पुण्यात शिरला. गाठ आली की माणूस चार-आठ दिवसांत जाई. ही साथ उंदरांच्या अंगावरच्या पिसवांवाटे पसरते, हे एका फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखविले. म्हणजे १८९७ च्या आरंभी ते कोणालाच ठाऊक नव्हते. शिवले की लागते, एवढीच समजूत. सख्खा भाऊ भावाजवळ जाईना. अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंताला रजा काढून बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना थाटला. ससाणे हे यशवंताच्या पहिल्या पत्नीचे माहेर. तेव्हा व्याह्याचीच जागा म्हणा ना. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड नावाच्या माणसाच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. कोणी जाणता वारकरी म्हणेल, ‘अहो, आपल्या संप्रदायाचे मूळच पुंडलिकात आहे. त्याने काय केले? दाराशी देव आला तरी आईबापांचे पाय सोडले नाहीत. म्हणजे आधी घर, मग बाकीचे.’ हे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. ज्याने घरचे म्हातारे उपाशी ठेवून बाहेर अन्नदान मांडले त्याला पुंडलिकाचे नाव घेण्याचा अधिकार नाही, हे मीही म्हणेन. पण पुंडलिकाची गोष्ट पुन्हा नीट ऐका. त्याने देवाला थांबविले ते ‘हे माझे आहेत’ म्हणून, की ‘यांची सेवा हातात आहे आणि ती अर्धी टाकता येत नाही’ म्हणून? माझेपणासाठीच म्हणाल, तर मग नाथांचे काय करायचे? पैठणच्या तापल्या वाळवंटात अस्पृश्य म्हणविलेल्या घरचे पोर रडत पडले होते, ते एकनाथ महाराजांनी उचलून त्याच्या घरी पोचविले, ही कथा आपण घरोघर सांगतो. ते पोर नाथांचे कोण होते? पण त्या घडीला तेच हातात होते.

सावित्रीबाई वारकरी नव्हत्या. जोतीरावांनी मूर्तिपूजेवर आणि भटभिक्षुकीवर कोरडे ओढले, त्यातले काही आपल्याला आजही झोंबते; ते झाकण्यात अर्थ नाही. तरी नाथांच्या कथेत जो मुलगा कडेवर बसला, तसाच तो मुंढव्याच्या वाटेवर पाठीवर बसला, एवढे मला दिसते. माळ गळ्यात आहे की नाही हे त्या पोराने विचारले नसेल.

मग यशवंताला बोलावले ते बरोबर की चूक? माझ्या मते याचे उत्तर त्या पाठीवरच्या ओझ्यात आहे. ज्या आईने स्वतः घरी बसून मुलाला ‘तू जा’ म्हटले असते, तिला मी थोर म्हटले नसते. परक्याच्या जिवावर पुण्य करणारे पुष्कळ असतात, आणि त्यात पोटचा मुलगाही कधी परकाच ठरतो. येथे तसे नव्हते. मुलगा औषध देत होता, आई रोगी वाहून आणीत होती. शिवाय यशवंत तेव्हा जाणता होता, डॉक्टर होता, काय आहे ते त्याला आईपेक्षा अधिक कळत होते. बोलावणे आईचे, येणे त्याचे. पुढे आठनऊ वर्षांनी प्लेगच्याच सेवेत तोही गेला, आणि तेव्हा बोलवायला आई नव्हती.

एवढ्याने मात्र हिशेब मिटत नाही. जो स्वतः निघाला त्याचे ठीक. पण ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांचे काय? २०२० च्या आषाढीला आपल्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीला गेल्या, आणि आपण घरी बसून हळहळलो. त्याच दिवसांत गावची नर्सबाई आणि आशाताई करोनाच्या घरोघर फिरत होत्या. संध्याकाळी परत आल्यावर पोर धावत येई, आणि त्या दारातूनच ओरडत, ‘लांब राहा, आधी आंघोळ करू दे.’ कित्येकजणी वेगळ्या खोलीत निजल्या. त्या पोराने काही सेवेचे व्रत घेतले नव्हते.

आपल्याकडे एक रीत आहे. गडी वारीला गेला की त्याच्या म्हशीची धार शेजारी काढतो, पेरणी अडली तर भाऊबंद पाभर धरतात, आणि परत आल्यावर त्याचा हिशेब कोणी मागत नाही. उलट वारकऱ्याच्या पाया पडतात. चालणारा एक आणि वारी घडते साऱ्या आळीला. ही रीत पंढरीच्या वाटेपुरतीच का राहिली, हे मला कळत नाही. प्लेगच्या माळावर जाणारी बाई काय निराळ्या वाटेला गेली होती?

यशवंतरावांच्या मागे त्यांची पत्नी आणि लहान मुलगी राहिली. पत्नीचे नाव चंद्रभागाबाई. पुण्यात त्यांच्या दाराशी धार काढायला, पाभर धरायला कोणी आले नाही. घरातल्या चीजवस्तू विकल्या, मग घरही विकले, आणि ती सून अखेर उघड्यावर आली.