पिवळा दिवा

डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला एक पिवळा दिवा असतो. बर्फाच्या प्रदेशात राहत असाल तर तुम्ही तो लुकलुकताना पाहिला असेल. मी जानेवारीत पाहिला, मिशिगनमध्ये, घराजवळच्या वळणावर. ऑफिसला उशीर झाला होता, म्हणून वेग जास्त होता. कोपऱ्यावरचे आजोबा फावड्याने बर्फ काढत होते. गाडीची मागची बाजू त्यांच्या दिशेने सुटली, ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरलं, आणि गाडी सरळ झाली. आजोबांनी मान वरही केली नाही.

झालं ते असं. मला कुठे वळायचंय हे स्टिअरिंगच्या कोनावरून कळतं. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे दुसरा सेन्सर सांगतो. दोघांचा मेळ बसला नाही की यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. मागची बाजू बाहेर फेकली जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाच्या पुढच्या चाकाला. हे माणसाला जमणारच नाही, आपल्याकडे पेडल एकच! थरथर होती एबीएसची: चाक जाम होऊ लागलं की ते ब्रेकचा दाब सोडतं, पुन्हा धरतं, सेकंदात कितीतरी वेळा.

म्हणजे आजोबा वाचले ते माझ्यामुळे नव्हे. मग मी दोषी की निर्दोष?

थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये ‘मॉरल लक’ या निबंधात एका ट्रक ड्रायव्हरचं उदाहरण दिलं होतं. त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. समोर मूल आलं तर तो आयुष्यभर अपराधी. नाही आलं तर, चूक तीच असूनही, त्याला कुणी विचारतही नाही. नेगेल याला नशीब म्हणतात. माझं नशीब मात्र गाडीच्या किमतीत आलं होतं.

तुम्ही इथे आल्यावर घेतलेली पहिली जुनी गाडी आठवा. अमेरिकेत ही स्थिरतेची यंत्रणा २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. माझी पहिली गाडी त्याच्या बरीच आधीची. त्या गाडीत हाच वेग, हेच वळण, हेच आजोबा असते, तर आज मी हे लिहीत नसतो. मी मात्र तेवढाच बेफिकीर असतो. ‘काही झालं नाही ना’ हे वाक्य मला तेव्हापासून पुरेसं वाटत नाही. यंत्राने परिणाम पुसला, वेग तर माझाच होता.

रात्री बायकोने विचारलं, “रस्ते कसे होते?”

“निसरडे,” मी म्हटलं.