चोवीस गुरूंत कुत्रा नाही

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ७ ते ९



एकादश स्कंधात भगवान श्रीकृष्ण उद्धवाला एक जुना संवाद सांगतात. यदुराजाला वाटेत एक तरुण अवधूत भेटतो. राजा विचारतो, महाराज, तुमच्याजवळ ना घर ना माणूस, तरी एवढे आनंदात कसे? अवधूत म्हणतो, मी चोवीस गुरू केले. आणि एकेक नाव सांगू लागतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, पुढे अजगर, मधमाशी, कोळी. यातल्या एकानेही त्याला समोर बसवून उपदेश केला नाही, बरं का. ते आपापलं काम करत होते. यानं पाहिलं आणि शिकून घेतलं.

हा अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेय, असं आपली परंपरा मानते. पण या चोवीसांत कुत्रा नाही. आणि आपल्या देवघरातल्या तसबिरीत मात्र दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत! ती चार वेद आणि मागची गाय म्हणजे पृथ्वी, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

आमच्या घरी दोन कुत्री आहेत. चंपी दोन वर्षांची, मोत्या चौदा वर्षांचा. काल दिवसभर झड लागली होती, तरी संध्याकाळी दोघांना घेऊन टेकडीवर गेले. चंपी चिखलात पुढे, मोत्या मागे. तो दर दहा पावलांवर थांबतो. त्याच्याबरोबर मलाही थांबावं लागतं, आणि थांबलं की दिसतं.

पायवाट माणसांनी, शेळ्यांनी वर्षभर तुडवलेली. तिच्याच कडेने टाकळा उगवला होता. तुडवणाऱ्यावर न रागावता ही माती पुन्हा देतेच. म्हणून ती पहिला गुरू. वर ढग नुसते पळत होते, पण आकाशाला त्यांचा ओलावा लागत नाही, असं अवधूत सांगतो. गवतात कोळ्याची जाळी थेंबांनी भरून गेली होती. कोळी आपल्यातूनच धागा काढतो, त्यावर खेळतो आणि पुन्हा गिळून टाकतो. ईश्वरही हे जग असंच मांडतो आणि आवरतो.

सूर्य मात्र दिसत नव्हता. पण तो पाऊस कुणाचा? अवधूत म्हणतो, सूर्य किरणांनी पाणी उचलतो आणि वेळ आली की परत देतो. घेताना हावरेपणा नाही, देताना हळहळ नाही.

इथे मला जरा अडखळायला झालं. मोत्याची किडनी थकली आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. हा त्याचा शेवटचा पावसाळा असू शकतो. आणि सातव्या अध्यायाच्या शेवटी गोष्ट येते ती कबुतराची. पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, मादी त्यांच्यामागे जाते, आणि समोर मरण दिसत असूनही नर स्वतः जाळ्यात उडी घेतो. मग काय, माया करूच नये? घरात म्हातारं जित्राब असो की म्हातारं माणूस, हा प्रश्न आपल्याला चुकत नाही.

मी पुन्हा वाचलं. तिथे शब्द आहे ‘अतिस्नेह’. कबुतरानं पिल्लांना दाणे भरवले, त्यांच्या किलबिलाटानं ते सुखावलं, तोवर सारं ठीक. ‘यांच्याशिवाय मी नाहीच’ असं वाटू लागलं तिथे जाळं पडलं. आणि गुरूंचा क्रम बघा. कबुतराच्या लगेच आधी सूर्य येतो! जणू धोका दाखवण्याआधी अवधूतानं वाट दाखवून ठेवली आहे. भरभरून घ्यावं, भरभरून द्यावं, पण जे आलं ते परत द्यायचं आहे, हे उमजून.

मोत्या काल एका ओल्या दगडापाशी कितीतरी वेळ वास घेत उभा होता. रोजचाच दगड, पण त्याच्यासाठी जणू आजच तिथे आलेला. मला वाटतं, दत्ताजवळची कुत्री गुरूंच्या यादीत नाहीत, कारण ती शिष्याच्या जागी बसली आहेत. वेदांना आपण श्रुती म्हणतो, ऐकून मिळालेलं ज्ञान. कान टवकारून बसण्यात कुत्र्याचा हात कोण धरणार?

आजची साधना एवढीच. पावसात दहा मिनिटं बाहेर पडा. फोन घरी राहू द्या. एका पानापाशी, एका डबक्यापाशी थांबा आणि त्याला काय शिकवायचंय ते बघा. आणि ज्यांच्या घरी कुणाचे दिवस थोडे उरले आहेत, त्यांनी औषध वेळेवर द्यावं, अन्न मऊ करून भरवावं, डोक्यावरून हात फिरवावा. उद्याचं दुःख आजच्या मायेत कालवू नये.

दत्तात्रेया, जे दिलंस ते सांभाळायला हात दे, आणि मागशील तेव्हा ते हात उघडायचं बळही तूच दे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.