पाण्याखालच्या गावाचे अस्तित्व

गाव नेमके कशात असते: जमिनीत, माणसांत की देवळात? गोव्याच्या सांगे तालुक्यातल्या कुर्डीने हा प्रश्न नुसता तर्काचा राहू दिलेला नाही. जुवारीच्या उपनदीवर, साळावलीवर, धरण बांधायचे ठरले आणि सुमारे तीन हजार वस्तीचे, भातशेती आणि नारळ-काजू-फणसाच्या झाडांचे हे गाव 1980च्या दशकात पाण्याखाली गेले. माणसे वाडे आणि वालकिणी येथे वसवली गेली. तेव्हापासून वर्षाचे बहुतेक महिने तिथे फक्त जलाशय दिसतो. मे महिन्यात पाणी ओसरते, घरांची जोती उघडी पडतात, आणि विखुरलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला येतात. ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या चॅपेलच्या जागी फेस्ताला जमतात.

गाव म्हणजे नुसती जमीन असती, तर ते पाण्याखालीही कायम आहेच. नुसती माणसे असती, तर ते वाड्यात आणि वालकिणीत सुखरूप आहे. देवळाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कदंबकालीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभे केले. काम मोलाचेच झाले, शिल्प वाचले. तरी कुर्डीकर एकत्र येतात ते उघड्या पडलेल्या गावठाणातच. दगड हलवता आले, गाव हलवता आले नाही. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावाबरोबर गावाचे नाव मुंबईच्या मैफलींत पोहोचले, पण नाव पोहोचले म्हणजे गाव पोहोचले असे होत नाही.

यावर बौद्ध आक्षेप जुना आणि धारदार आहे. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचे भाग दाखवून विचारतो, यातला रथ कोणता? त्याच न्यायाने कुर्डी ही केवळ संज्ञा ठरेल. मला हे मान्य आहे, पण त्यातून गाव खोटे ठरत नाही. रथ ही संज्ञा भाग एकत्र आल्यावर सार्थ होते, आणि मे महिन्यात जमीन, माणसे, दैवत एका ठिकाणी येतात तेव्हा कुर्डीही सार्थ होते. म्हणून मी गावाला वस्तू मानत नाही. माणसे एका जागेचे आणि एकमेकांचे देणे मान्य करतात, तोवर गाव घडत राहते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गोव्यात भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारा) अशी उतरंड होती, मग ज्यांच्या पायाखालची जमीनच परक्याची, त्यांनी कसले देणे मानायचे? हा अन्याय खराच, आणि गावाच्या ओढीने तो झाकता कामा नये. पण मालकी आणि नाते एक नव्हेत. ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याचेही पूर्वज याच मातीत राबले आणि याच मातीत गेले. मात्र माझ्या या म्हणण्याची किंमतही मोजली पाहिजे. वाड्यात जन्मलेली पिढी उद्या मे महिन्यात इथे आली नाही, तर जोती उघडी पडत राहतील, कुर्डी मात्र उरणार नाही. आणि त्या मुलांना दोष देण्याचा अधिकार धरण बांधणाऱ्यांना नाही, त्याचे पाणी पिणाऱ्या दक्षिण गोव्यालाही नाही.