चटईचा संस्कार

2009 चा मार्गशीर्ष. तुकडोजी महाराजांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. आमच्या भजन मंडळातले सगळ्यांत वयस्कर खंजिरीवाले, आम्ही त्यांना आबाजीच म्हणायचो, रात्री नऊला माझ्या ओसरीत येऊन सतरंजीवर बसले. समोर माझा कीबोर्ड आणि वायरला लटकलेला माइक. तिवस्यात कोणत्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. माझा यामाहाचा पीएसआर-9000, नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रातून जुना घेतलेला. बोटाने एक सूर दाबला की मागे तबला, बास, सगळा ताफा आपोआप चालतो असं हे यंत्र. त्यात सगळं जग भरलेलं होतं, सांबा होता, वॉल्ट्झ होता. खंजिरी तेवढी नव्हती. 1955 साली महाराज खंजिरी घेऊन जपानच्या धर्मपरिषदेला गेले होते, पण जपानी यंत्रात ती काही उतरली नाही. म्हणून ती आपणच भरायची, असा माझा बेत.

या यंत्रात बाहेरचा आवाज साठवायला मुळात जागा 1 एमबीची. आवाज स्वच्छ घ्यायचा तर सेकंदाला 88 हजार बाइट लागतात. हिशेब केला तर जेमतेम 12 सेकंद. आबाजींना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले.

‘‘बारा सेकंदात काय होते रे मास्तर? मले खाकरायलेच इतका टाइम लागते.’’

तरी त्यांनी नऊ ठोके दिले. पंजाची थाप, बोटाचा ठोका, अंगठा घासून काढलेला घुमारा, नुसती झांजांची किणकिण, असे. थंडीने चामडं ताठ झालं होतं, आवाज कसा खणखणीत आला. मी ते फ्लॉपीवर उतरवून घेतले. उठताना म्हणाले, ‘‘मी मेलो तं हे वाजवजो. पण जरा हळू वाजवजो.’’ पुढल्या उन्हाळ्यात ते गेले.

मी शाळेत संस्कृत शिकवलं, तेव्हा मेमरी हा शब्द माझ्यासमोर आला की मनात स्मृती उभी राहते. आणि इथूनच माझा घोटाळा सुरू झाला.

अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह मी शाळेबाहेरही पुष्कळांना शिकवला आहे. न्यायशास्त्राची छोटी पोथी आहे, पण एकेक शब्द तोलून ठेवलेला. त्यात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, अनुभव आणि स्मृती. आणि स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजलेलं ज्ञान. मग संस्काराचे तीन प्रकार. पहिला वेग, फेकलेल्या दगडात असतो तो. दुसरा भावना, तो अनुभवातून उपजतो, स्मृतीला कारण होतो आणि फक्त आत्म्यात राहतो. तिसरा स्थितिस्थापक. गुंडाळलेली चटई सोडली की पुन्हा आपल्या मूळ आकारात येते, तो. अन्नंभट्टांनी दृष्टांत चटईचाच दिला आहे. पोरांना हा तिसरा प्रकार शिकवताना मी फार घाई करायचो. यात काय शिकवायचं, चटई ती चटई.

आबाजी गेल्यावर मंडळात दर गुरुवारी मी यंत्र चालू करायचो. वीज गेली किंवा बटण बंद केलं की त्यातली ही मेमरी कोरी होते, म्हणून दर वेळी फ्लॉपी घालायची, ड्राइव्ह करकर आवाज करी, आणि तेवढ्यात आबाजींची खंजिरी हजर. प्रार्थना संपून भजन सुरू झालं की मी कळ दाबायचो. पहिल्या गुरुवारी मागे बसलेल्या दोन बाया डोळ्याला पदर लावून रडल्या. मी मनात म्हटलं, झालं, आबाजींची स्मृती या डब्यात आली.

2014 च्या श्रावणात, एका संध्याकाळी मंडळातून परतून घरी यंत्र पुन्हा लावलं, फ्लॉपी चढवली. खंजिरी यंत्रात होती, यंत्र बंद करायच्या आधी सहज फ्लॉपी पुन्हा घालून पाहिली तर ती वाचलीच जाईना. बाहेर काढली. चकतीवर पांढरी बुरशी. दुसरी कोरी फ्लॉपी घातली, ड्राइव्ह तीही घेईना. म्हणजे आता आबाजी होते ते फक्त चालू यंत्रात, आणि यंत्र बंद केलं की गेले. ड्राइव्ह दुरुस्त करायचा तर यंत्र उघडायला हवं, उघडायचं तर बंद करायला हवं. मी इन्व्हर्टर जोडला आणि दोन रात्री त्या यंत्राजवळ झोपलो. लाइन जायची, यायची. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा मी त्या हिरवट पडद्याकडे बघत बसलो. बायको म्हणाली, आबाजी दवाखान्यात होते तेव्हा एवढे जागले नाहीत तुम्ही. खरं होतं.

तिसऱ्या दिवशी मंडळातला अकरावीतला पोरगा आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘सर, एकेक कळ दाबा, मी मोबाइलमंदी रेकॉर्ड करतो.’’ दहा मिनिटांचं काम. माझी विद्वत्ता दोन रात्री कुठे होती कोण जाणे.

मग यंत्र बंद केलं, उघडलं. उघडलंच आहे तर मेमरीही वाढवून घ्यावी म्हटलं. यात 72 पिनांच्या दोन पट्ट्या बसतात, सिम म्हणतात त्यांना, दोन्ही सारख्याच क्षमतेच्या लागतात. नागपूरला एका दुकानात सिम पाहिजे म्हटलं तर त्याने कोणत्या कंपनीचं, आधार कार्ड आणलं का, असं विचारलं. शेवटी जुने संगणक तोडून विकणाऱ्या एकाकडे 32-32 एमबीची जोडी मिळाली. पहिली जोडी यंत्राने ओळखलीच नाही, बदलून आणली. हातातली वीज घालवायला आधी खिडकीच्या गजाला हात लावायचा, पट्टी तिरपी धरून खोबणीत घालायची आणि उभी करायची. दोन्ही बाजूंनी खटका बसतो. तो आवाज मला आवडतो. ड्राइव्हही साफ करून घेतला, तो चालला.

आता 64 एमबी. पुन्हा हिशेब केला: 12 मिनिटं 40 सेकंद. (एवढं सगळं फ्लॉप्यांवर ठेवायचं तर 46 फ्लॉप्या, आणि दर गुरुवारी त्या एकेक करून घालायच्या. तोवर भजन आटोपून लोक घरी जेवायला जातील.) मोबाइलमधले नऊ ठोके आत चढवले. पहिले 12 सेकंद भरले. उरलेली साडेबारा मिनिटं रिकामी. जागा झाली तेव्हा भरायला माणूस नव्हता.

त्या श्रावणात बाहेर पाऊस लागला होता, मंडळातल्या सगळ्या खंजिऱ्या ओल धरून बसलेल्या, भद्द आवाज देत होत्या, पोरं त्या चुलीपुढे शेकत होती. यंत्रातली खंजिरी मात्र मार्गशीर्षातलीच, खणखणीत. तिला पाऊस माहीत नव्हता. तेव्हा मला अन्नंभट्टांची चटई आठवली. हे यंत्र आठवत नव्हतं. दाबलं की जसं होतं तसं परत उलगडत होतं, बस. चामडं ताणलं की परत येतं, चटई सोडली की पसरते, तसाच हा ठोका. संस्कार तिसऱ्या प्रकारचा. मी 64 एमबी घातले तेव्हा मेमरी वाढली नाही, चटई मोठी झाली.

मग त्या बाया रडल्या त्या कशाने? नैयायिकांकडे याचंही उत्तर आहे. भावना नावाचा संस्कार आत्म्यात निजलेला असतो, त्याला जागं करायला उद्बोधक लागतो: सारखी दिसणारी वस्तू, एखादा वास, एखादा आवाज. स्मृती बायांची होती. यंत्राने फक्त दार ठोठावलं.

पोथीही तेवढंच करते, असं मला वाटतं. रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांच्याकडे जाऊन एकेक लीळा विचारून, पडताळून घेतली, तेव्हा तिथे लीळाचरित्र झालं. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि म्हणून आज एक पाठ नाही, अनेक आहेत. त्यातला एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. अभ्यासकांना पाठभेदांनी डोकेदुखी होते. मला त्यात दिलासा वाटतो. पोथी चटईसारखी परत उलगडली असती तर भेद पडले नसते. भेद पडले, कारण मधे माणसं होती.

आता खरी अडचण. न्यायशास्त्र म्हणतं, अनुभवाशिवाय भावना नाही, भावनेशिवाय स्मृती नाही. तिवस्याहून अमरावतीकडे निघालं की मोझरी लागते, महाराजांनी 1935 साली स्थापलेला गुरुकुंज आश्रम. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली असते. हजारो माणसं, आणि एकदम सगळं थांबतं. महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. मी तेव्हा 12 वर्षांचा होतो, मी त्यांना पाहिलेलं आहे, त्या क्षणी माझ्यात काय जागं होतं ते मला कळतं. पण माझ्या शेजारी डोळे मिटून उभा असलेला तो अकरावीतला पोरगा? त्याचा जन्म 1997 चा. तो कोणाचं स्मरण करतो? अन्नंभट्टांना विचारलं तर ते म्हणतील, कोणाचंच नाही. आणि पतंजली तर स्मृतीला पाच वृत्तींत घालून तिचाही निरोध करा म्हणतात. गीतेत मात्र मोह गेला आणि स्मृती परत मिळाली, असं अर्जुन शेवटी सांगतो. आणि पंधराव्या अध्यायात स्मृतीही माझ्यापासून आणि तिचा लोपही माझ्यापासूनच, असं भगवंत म्हणतात. शास्त्रांचं एकमत व्हायची वाट मी आता पाहत नाही.

त्या पोराला मी एकदा आबाजींचे नऊ ठोके ऐकवले. त्याने ऐकले, बरे आहेत म्हणाला. रडला वगैरे नाही. त्याने आबाजींना प्रत्यक्ष कधी ऐकलंच नव्हतं, यंत्राने ठोठावलं तरी आत कोणी उठायला नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तो आबाजींच्या एका जुन्या शिष्याकडे गेला, आणि अंगठ्याचा तो घुमारा कसा काढायचा ते शिकू लागला. बोट सोलून निघालं. दोन महिन्यांनी जमला. आबाजींसारखा नाही, जरा बसका. पण आता तो अनुभव त्याचा स्वतःचा आहे, त्याच्या हाडात आहे. आणि भजनात कुठे थांबायचं ते त्याला कळतं. यंत्राला ते मी सांगावं लागतं, आणि मी पुष्कळदा चुकतो.

साडेबारा मिनिटं अजून रिकामीच आहेत. तिवसा, वरखेड, कौंडण्यपूर, यावली या भागात कोणाच्या घरी जुन्या भजनांच्या कॅसेटी असतील, त्यात खंजिरी वाजत असेल, तर भंगारात देऊ नका, मंडळात आणा. मी उतरवून घेईन. आणि येताना ती खंजिरी ज्याने प्रत्यक्ष ऐकली आहे असं एक म्हातारं माणूस घेऊन या, घरातलं एखादं शिकणारं पोरही. गुरुवारी, संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळेला.