पुरचुंडीतली ऊब



आमच्या खोपोलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक खुंटी आहे. जुन्या पंच्याच्या फडक्यात बांधलेली वालाची पुरचुंडी काल सकाळपासून तिच्यावर टांगलेली आहे. आज उठल्या उठल्या मी तिला हात लावला. बाहेर पाऊस, भिंती ओलसर, फरशी गार, आणि पुरचुंडी मात्र कोमट. झोपलेल्या लेकराच्या मानेखाली हात घातला की लागते तशी ऊब. आतले दाणे जागे झालेले असतात, श्वास घेत असतात, पोटातलं साठवणीचं अन्न वापरू लागलेले असतात. त्याचीच ही ऊब. मोड धरले की नाही, हे फडकं न सोडताही कळतं.

उद्या श्रावणी सोमवार. उद्या संध्याकाळी आमच्याकडे वालाचं बिरडं असणार.

माझं माहेर कर्जत तालुक्यातलं, कडावच्या बाजूचं. तिथे राजनाल्याचं पाणी ज्यांच्या शेताला मिळतं ते उन्हाळी भात घेतात. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी ते, १९२२ पासून वीज देऊन खाली येतं. आमच्या खाचरांना ते पाणी नव्हतं. आमच्याकडे भात कापला की वाल. कापणी उरकायची आणि जमिनीतली ओल उडायच्या आत पेरून घ्यायचं, एवढीच घाई. पुढे त्या पिकाला कोणी घागरभर पाणी घालत नाही. पावसाने मागे ठेवलेली ओल आणि पहाटेचं दव, त्यावर वेल पसरतो. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि पुढच्या भाताला तो उपयोगी पडतो. भाताने मागे ठेवलेल्या ओलीवर वाल जगतो आणि भातासाठीच काही ठेवून जातो. मला या पिकाविषयी लहानपणापासून माया आहे ती यामुळे.

जानेवारीत शेंगा भरतात. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात शेंगा भाजून पोपटी लागते, कर्जतच्या बाजारात ठाकर बायका शेंगांच्या पाट्या घेऊन बसतात. उरलेला वाल वेलावरच वाळतो. आजी तो झोडून, पाखडून, राख चोळून मडक्यात भरायची. राखेमुळे भुंगा लागत नाही. आणि मग पावसाळ्यात, हिरवी भाजी महाग आणि चिखलाने माखलेली असते तेव्हा, ते मडकं उघडायचं.

कोरडा दाणा आणि मोड आलेला दाणा यांत फरक काय, हे मला नीट कळलं ते एका लढाईची हकिगत वाचून. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत या गावाला तुर्की सैन्याने वेढा घातला. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो चालला. अडकलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. पीठ होतं, ताजी भाजी नव्हती. आपल्या शिपायांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, माणसं स्कर्व्हीने झिजली. स्कर्व्हीत जुने, भरून आलेले व्रणसुद्धा पुन्हा उघडतात. कातडीला धरून ठेवणारा जो धागा शरीर विणतं, कोलॅजेन म्हणतात त्याला, तो क जीवनसत्त्वावाचून विणलाच जात नाही. पुढे १९१९ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोघींनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवून दिलं, की सुकं कडधान्य या रोगाला रोखत नाही, पण तेच भिजवून मोड आणले की रोखतं. दाण्यात जे नव्हतं ते दोन-तीन दिवसांत तो स्वतः तयार करतो. माती लागत नाही, ऊन लागत नाही. पाणी आणि ओलं फडकं पुरतं.

हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या वेढ्यातल्या कोठारांचा विचार करत बसले. कोठारात चार पोती कडधान्य असतं, आणि कोणी ते भिजवलं असतं तर? आमच्या गावातली कुठलीही म्हातारी ते करू शकली असती.

तर मोड येताना आणखी काय होतं? दाण्यातलं लोह वाढत नाही, हे आधी सांगते, कारण तसं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. लोह तेवढंच राहतं, पण ते ज्याने बांधून ठेवलेलं असतं ते फायटिक आम्ल मोड येताना कमी होतं, आणि लोह, जस्त आपल्या अंगी लागण्याजोगं मोकळं होतं. पोटात वायू धरणाऱ्या साखराही घटतात, म्हणून भिजवून मोड काढलेला वाल म्हाताऱ्या माणसालाही सोसतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे केस मुठीमुठीने गळू लागले. चेहरा फिका, डोळ्यांखाली काळं. तिने तेलं आणली, मलमं आणली, कपाटाचा एक खण भरला. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिने पूर्ण घेतल्या, आणि तशा घ्यायलाच हव्यात. उसळ म्हणजे गोळी नव्हे. पण त्या डॉक्टरांनी दुसराही प्रश्न विचारला, जेवणात काय असतं? आणि मी गप्प झाले. वाल भिजवायला तीन दिवस आधी आठवण लागते, सोलायला तास जातो. नोकरीच्या धावपळीत आमच्या घरातली ती खुंटी कितीतरी महिने रिकामी होती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. माझी लेक त्या ५४ मधली. गालावरची लाली रक्तातून येते, केस प्रथिनाचे बनतात. तो कपाटातला खण त्यांना कुठून पुरवणार?

आता कृती सांगते, सासूबाईंनी मला शिकवली ती. वाल रात्रभर भरपूर पाण्यात भिजवायचे. ते पाणी ओतून द्यायचं, वालाच्या बाबतीत हे चुकवायचं नाही. मग रोळीत निथळून, फडक्यात बांधून टांगायचे. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं, गाळून जाऊ द्यायचं. पाणी साचलं की दाणे बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. असे दाणे सरळ टाकून द्यावेत. मोड आले की कोमट पाण्यात घालायचे आणि अंगठा नि बोट यांच्यामध्ये दाणा दाबायचा. साल सुटतं आणि आतून पांढरीशुभ्र डाळिंबी टुपकन बाहेर उडी मारते, शेपटीसारखा मोड घेऊन. तो मोड तुटू नये म्हणून सासूबाई बोटं किती हलकी धरायच्या! मग लसूण, हिंग, हळद, आमसूल, गुळाचा खडा, वरून ओलं खोबरं. डाळिंबी शिजावी पण मोडू नये.

कडवे वाल कच्चे खायचे नाहीत. मूग, मटकीचे मोडही कच्चे खाण्यापेक्षा वाफवून घ्यावेत, गरोदर बाईने, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी तर नक्कीच. जी ऊब मोडाला लागते तीच रोगजंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून साथ पसरली आणि पन्नासाहून जास्त माणसं दगावली. आपल्याकडे मोडांची उसळ होते, ही चाल मोठी शहाणी आहे. शिजवताना क जीवनसत्त्व थोडं जातं, म्हणून ताटात लिंबाची फोड घ्यावी. ते लोह शोषायलाही मदत करतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोहाला अडवतो.

एक गोष्ट मनात सलते ती सांगते. माहेरी शिवारात आता वाल कमी दिसतो. खाचरांच्या मध्ये बंगले आले, कुंपणं आली. पूर्वी सगळा गाव पेरायचा, त्यामुळे सगळा गाव गुरं बांधून ठेवायचा. आता एकट्यादुकट्याने पेरलं तर मोकाट गुरं एका रात्रीत वेल साफ करतात. माझा भाऊ गेली दोन वर्षं रात्री माळ्यावर झोपून राखण करतो. त्याच्याच शेतातले दाणे आज माझ्या पुरचुंडीत आहेत.

प्रत्येक खेपेला त्यांत चार-दोन कुचर दाणे निघतात. रात्रभर पाण्यात राहूनही खड्यासारखे कडक. आई ते वेगळे काढायची आणि परसात कुंपणाच्या कडेला खोचून ठेवायची. मीही तेच करते. मागच्या श्रावणात खोचलेल्यांपैकी एक दाणा यंदा उगवला. त्याचा वेल आता खिडकीच्या गजापर्यंत आलाय.